मामांची मेन लाइन

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, ही म्हण ज्यानं काढली त्याला स्वतःला कावीळ कधी झालेली नसावी. आमच्या मामांना झाली. त्यांना जग पूर्वी दिसायचं तसंच दिसत होतं. पिवळे दिसत होते ते मामा, आणि तेही फक्त जगाला. 'जालना, सोन्याचा पालना' ही आमच्या गावाची जुनी कीर्ती. मामा तिला आता रंगानंही शोभू लागले.

जालना जिल्हा बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे, लोखंडी सळयांसाठी प्रसिद्ध आहे आणि मोसंबीसाठी तर आहेच. पण इथलं बारमाही पीक म्हणाल तर सल्ला. त्याला पाऊस लागत नाही. त्यात आजार पोटाचा असला की विचारायलाच नको. हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्याबद्दल बोलताना आपला माणूस थोडा बिचकतो. पोट मात्र प्रत्येकाला घरचं वाटतं. पहिल्या दिवशी हळद बंद झाली. हळद पिवळी, कावीळ पिवळी, एवढा पुरावा स्वयंपाकघराच्या कोर्टाला पुरतो. दुसऱ्या दिवशी उसाचा रस सुरू झाला. तिसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी चुन्याच्या निवळीत मामांचे हात धुऊन पाणी पिवळं करून दाखवलं. चौथ्या दिवशी शेजारच्या गावाहून काविळीची माळ आली. ही माळ डोक्यावर घालायची, ती आपोआप वाढत वाढत खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, अशी तिची ख्याती. माळ खरोखर वाढली. गळ्यापर्यंत आली, मग छातीपर्यंत. मामांचा पिवळेपणा मात्र जागचा हलला नाही.

माळेची बाजू मांडायची तर एवढं म्हणता येईल की, दूषित पाण्यातून होणारी जी साधी कावीळ असते ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच बरी होते. यकृत हा मोठा सोशिक अवयव आहे. दीड किलोच्या आसपास वजन आणि तक्रार शून्य. तेव्हा माळ उतरायला आणि कावीळ उतरायला एकच गाठ पडते आणि माळेचं नाव होतं. पण कावीळ हा मुळात रोगच नव्हे, ती बातमी आहे. पित्त रक्तात साठतंय, एवढीच ती बातमी. का साठतंय, हे ती सांगत नाही. कारखान्यातच बिघाड असेल, नाहीतर कारखाना ठणठणीत असून माल बाहेर जाण्याचा रस्ता बंद असेल. दुसरी गोष्ट असली तर माळ गुडघ्यापर्यंत आली तरी उपयोग नाही.

हे सगळं मी आता शहाणपणानं सांगतोय. तेव्हा हे ज्यांना आधी कळलं ते स्वतः मामा. त्याला कारण त्यांची नोकरी. मामांनी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमनचं काम केलं. खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी टाकून पहाटे निघायचे आणि गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचे. आमच्याकडे नळाला पाणी येणं हा सण आहे, त्यामुळे मामांना गावात पुजाऱ्याचा मान होता. कुठल्या गल्लीत किती इंची लाइन आहे, कुठे बेंड आहे, कुठे जुना जोड गळतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात. निवृत्तीनंतरही रस्त्यात ओल दिसली की मामा थांबतात, वाकतात आणि गंभीर चेहऱ्यानं "इथं कुठंतरी फुटलीय" म्हणतात.

माळ छातीवर असतानाच ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, लघवी चहासारखी होतेय अन् शौचाला पांढरट. अंगाला खाज सुटलीय ती वेगळीच. म्हंजे रंग जिथं जायचा तिथं जाईना, अन् जिथं जायचा नाही तिथं चाललाय. हे लाइन चोकअप झाल्याचं लक्षण आहे."

डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं. फक्त त्यांनी फी घेतली.

सोनोग्राफी जालन्यातच झाली. त्या केंद्रात भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं आणि शेजारी 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा 1994च्या कायद्यानं घालून दिलेला फलक. पंचाहत्तरीचे मामा त्या बाळांकडे पाहत तासभर बसले. आजूबाजूच्या बाया बाटल्याच्या बाटल्या पाणी पीत होत्या. मामांना मात्र सकाळपासून पाण्याखेरीज काही द्यायचं नाही अशी ताकीद. मूत्राशय बघायचं तर ते पाणी पिऊन भरावं लागतं आणि पित्ताशय बघायचं तर ते उपाशी राहून भरावं लागतं, कारण खाल्लं रे खाल्लं की ते आकसून पित्त सोडून मोकळं होतं. "म्हंजे एक टाकी वरून भरायची, एक आपोआप भरते," मामांनी नोंद घेतली.

रिपोर्टात लिहून आलं की पित्ताशयात बारीक खडे आहेत. पित्तनलिका फुगून बारा मिलिमीटर झाली आहे, जी एरवी सहा-सात असते. आणि नलिकेचं खालचं टोक 'आतड्यातील वायूमुळे' दिसत नाही. घरात गेली चाळीस वर्षं ज्या गॅसबद्दल वाद चालू होता तो असा अधिकृत कागदावर आला. ध्वनीच्या लहरींना हवा पार करता येत नाही. आणि निसर्गानं नेमकं त्या टोकासमोर ड्युओडेनम नावाचं आतडं ठेवलंय, ज्यात हवा असते.

"पोटात दुखतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अजिबात नाही," मामा म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं. डॉक्टरांना वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मामींना विचारलं, "वजन कमी झालंय?" मामी म्हणाल्या, "पायजम्याच्या नाड्या दोन बोटं आत घेतल्यात." डॉक्टर काही न बोलता कागदावर लिहायला लागले. डॉक्टरांची लिहिण्याची गती वाढली की आपली नाडीही वाढते.

बाहेर आल्यावर मी मागे राहून विचारलं. ते म्हणाले की खडा असू शकेल. पण न दुखता येणारी कावीळ आणि उतरतं वजन म्हटल्यावर स्वादुपिंडाचं डोकंही बघावं लागेल. स्वादुपिंड! नाव ऐकून मिठाईच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. पण हा वीतभर लांबीचा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून असा लपून बसलेला असतो की बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. पित्तनलिका खाली उतरताना त्याच्या डोक्यातूनच जाते. तिथे गाठ झाली तर ती नलिकेला बाहेरून आवळते आणि माणूस कसलीही कुरकुर न करता पिवळा होतो.

हे मामांना कसं सांगायचं या विचारात मी गाडीत बसलो. मामा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "लाइन बंद पडायला दोनच कारणं असतात. एक, आत काहीतरी अडकतं. ते काढता येतं. दुसरं, बाहेरून पिंपळाची मुळं दाबतात. मग खोदावं लागतं. अन् दर वेळी खोदून उपयोग होतोच असं नाही."

मामी पुढच्या सीटवर होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पदर मात्र डोळ्यांना लावला.

पोटात डोकावण्याची माणसाची धडपड जुनीच. 1895 साली राँटगेननं क्ष-किरण शोधले तेव्हा आता काही लपून राहणार नाही असं जगाला वाटलं. पण हाडं दिसली, यकृत-स्वादुपिंड धुक्यातच राहिलं. पित्ताशयातले बहुतेक खडेसुद्धा साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. 1924 साली अमेरिकेत ग्रॅहॅम आणि कोल यांनी रंगद्रव्य देऊन पित्ताशय एक्स-रेवर उमटवलं. 1971 साली लंडनजवळ हाउन्सफील्डच्या यंत्रानं पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवले, तोच पुढे आपल्याकडे घरोघरी पोचलेला सीटी स्कॅन. हे हाउन्सफील्ड कुठे नोकरीला होते म्हणाल, तर ई.एम.आय. कंपनीत. ज्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांवर आपण नाट्यगीतं ऐकली, ती हीच. ग्रामोफोनपुढच्या त्या कुत्र्यानं माणसाच्या पोटापर्यंत माग काढला म्हणायचा! 1979 साली हाउन्सफील्डना नोबेलही मिळालं.

स्वादुपिंडाची कथा त्याहून नाट्यमय. 1642 साली इटलीतल्या पादुआ गावी विरसुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाला, फाशी दिलेल्या माणसाच्या शवात, स्वादुपिंडातून जाणारी एक बारीक नळी सापडली. ती कशासाठी आहे ते त्याला कळेना. त्यानं तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, छाप काढले आणि युरोपभरच्या विद्वानांना पाठवून 'हे काय असेल?' असं विचारलं. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मामांचा रिपोर्ट टाकून भाच्यानं हेच विचारलं होतं. फरक एवढाच की विरसुंगला उत्तरं कमी आली. पुढच्याच वर्षी त्याच्या दारात त्याला कुणीतरी गोळी घातली. नळीला त्याचं नाव राहिलं.

मामांना जी तपासणी सांगितली तिचं नाव मॅग्नेटिक रेझोनन्स कोलँजिओपँक्रिॲटोग्राफी. पॅसेंजरगाडीएवढं हे नाव कुणालाच झेपत नाही म्हणून सगळे एम.आर.सी.पी. म्हणतात. 1991 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी ती प्रथम मांडली. त्याआधी पित्तनलिका नीट बघायची तर तोंडातून दुर्बीण घालून, आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेच्या तोंडातून औषध आत सोडून एक्स-रे घ्यावा लागे. 1968पासून चालत आलेली ती इ.आर.सी.पी. खडा काढायला आजही तीच लागते, पण नुसतं बघायला तेवढं करायचं म्हणजे शेजाऱ्याच्या घरी कोण आलंय ते पाहायला त्याची भिंत फोडण्यासारखं. शिवाय त्या खटाटोपात काही जणांचं स्वादुपिंड सुजतं, ते वेगळंच.

एम.आर.सी.पी.साठी आम्ही साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला गेलो. तिथला तंत्रज्ञ तरुण होता आणि बोलका होता. मी विचारलं, औषधाचं इंजेक्शन देणार का? तो म्हणाला, "गरज नाही काका. पोटात पाणी आहे ना, तेच दिसतं." यंत्र असं लावतात म्हणे, की जे द्रव एका जागी स्थिर उभं असेल तेवढंच पांढरंशुभ्र उजळतं. मांस काळं पडतं, हाड काळं पडतं आणि धावतं रक्तही काळंच. उरतं ते फक्त साठलेलं पाणी आणि पित्त. हे ऐकून मामा खाटेवर उठून बसले. "म्हंजे सगळं गाव काळं करायचं अन् नुसत्या पाण्याच्या लाइनी दाखवायच्या? असा नकाशा आम्हाला तीस वर्षांत कुणी दिला नाही!"

एक अडचण होती. जठरात आणि आतड्यात पाणी असलं तर तेही उजळतं आणि मध्ये येतं. त्यावर उपाय म्हणून काही ठिकाणी अननसाचा रस पाजतात. त्यात मँगनीज असतं, त्यानं ते पाणी काळं पडतं. अननस हे नाव ऐकून जालनेकरांचा अभिमान जागा झाला. "मोसंबीचा चालत नाही का?" मामांनी विचारलं. चालत नाही. मामांनी तो रस जिल्ह्याच्या वतीनं निषेध नोंदवून घेतला.

मग धातू उतरवण्याचा कार्यक्रम. दीड टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळजवळ तीस हजार पट, आणि ते चोवीस तास चालू. 2018 साली मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर अशा खोलीत नेलं गेलं आणि ते हातात असलेला तरुण त्याच्यासकट ओढला जाऊन दगावला. तेव्हा इथे कुणी थट्टा करत नाही. घड्याळ गेलं, अंगठी गेली, करदोट्याचा चांदीचा आकडा गेला, दंडावरचा ताईत गेला. सळयांच्या गावातून आलेला माणूस, आयुष्यभर खांद्यावर लोखंडी चावी वागवलेला, अंगावर टाचणीसुद्धा न ठेवता आत गेला. ताईत मामींनी मुठीत धरला. माळ आधीच उतरवली होती. तिच्यात धातू नव्हता, पण आता तिची आठवणही कुणी काढली नाही.

त्या यंत्राच्या बोगद्यात कित्येकांचा जीव घाबरा होतो. पोटावर पट्टा बांधतात, श्वास वरखाली होतो त्यावर यंत्राचं लक्ष असतं आणि श्वास सोडून पोट स्थिर झालं की तेवढ्या क्षणात ते कापाचा तुकडा टिपतं. बाहेर ठोकाठोकीचा आवाज येत होता. जणू आत कुणी पत्रे बडवतंय. अर्ध्या तासानं मामा बाहेर आले ते डोळे चोळत. झोप लागली होती! "अठरा इंची पाइपात शिरून सांधे बघितलेत," ते म्हणाले, "इथं तर पंखा होता."

तिथल्या डॉक्टरबाई भल्या होत्या. मामांचा धंदा कळल्यावर त्यांनी आम्हाला पडद्यासमोरच बोलावलं. मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीचे काप एकावर एक रचून संगणकानं त्यातून एक आकृती उभी केली होती, आणि ती हातानं माठ फिरवावा तशी फिरत होती. काळ्याभोर आकाशात पानं झडलेलं पांढरं झाड. वर यकृतातल्या बारीक फांद्या, त्या मिळून डावी-उजवी अशा दोन, त्यांचं एक खोड. खोडाला बाजूनं लोंबणारं पित्ताशय. खाली, उजवीकडून येऊन मिळणारी एक केसासारखी रेघ. विरसुंगची.

मामा पडद्याजवळ सरकले. बोट न लावता म्हणाले, "या दोन सबलाइनी. ही मेन. ही बाजूची टाकी. ही दुसऱ्या योजनेची लाइन इथं येऊन मिळते. अन् शेवटाला व्हॉल्व्ह असणार."

"आहे," बाई चकित होऊन म्हणाल्या. "ओडीचा स्फिंक्टर."

"ओडी कोण?"

"इटलीतला. 1887 साली त्यानं या झडपेवर निबंध लिहिला. तेव्हा विद्यार्थी होता."

"हुशार पोरगा," मामा म्हणाले.

आकृती फिरत होती. खोड चांगलं फुगलेलं, खाली टोकाशी निमुळतं झालेलं. पण खडा कुठेच दिसेना. मला आता तीच ती पिंपळाची मुळं दिसायला लागली. मामी मागे उभ्या होत्या, त्यांच्या मुठीत ताईत होता आणि मूठ पांढरी पडली होती. मामांनी विचारलं, "आत काही अडकलेलं दिसत नाही. मग बाहेरून दाबलंय का?"

बाई म्हणाल्या, "थांबा. हे फिरणारं चित्र दिसायला छान आहे, पण त्यावर माझा विश्वास नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार पटलं. ही आकृती तयार करताना संगणक प्रत्येक रेषेत बघतो आणि जे सगळ्यात उजळ असेल तेवढंच दाखवतो. लग्न जुळवताना दोन्ही घरं करतात तेच हे. भोवती सगळा उजेड आणि मध्ये बारीकसा काळा खडा असला तर तो त्या उजेडात बुडून जातो. म्हणून सुंदर चित्र नातेवाइकांना दाखवायचं आणि आपण एकेक काप तपासायचा.

त्या एकेक काप पुढे सरकवू लागल्या. खोली अगदी शांत झाली. स्वादुपिंडाची नळी दोन मिलिमीटर, बारीक, सरळ. "ही फुगलेली नाही, चांगलं आहे," त्या म्हणाल्या. गाठ असती तर बहुतेक दोन्ही नळ्या फुगल्या असत्या. डोक्याचा भाग त्यांनी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघितला. मग खालच्या टोकाशी एका कापात थांबल्या. पांढऱ्या नळीत उडदाच्या डाळीएवढा काळा ठिपका, आणि त्याच्या वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी उजळ किनार.

"खडा," बाई म्हणाल्या. "आठ मिलिमीटर. आतच अडकलाय."

मामांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. आतल्या यंत्रात नव्हता सोडला तेवढा. मामींनी काही विचारलं नाही; ताईत मामांच्या दंडाला पुन्हा बांधायला लागल्या आणि गाठ त्यांना काही केल्या जमेना. शेवटी बाईंनीच बांधून दिली.

समर्थ रामदासस्वामी आमच्याच जिल्ह्यातल्या जांबचे, 1608चा जन्म. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचं वर्णन करताना त्यांनी शरीराच्या दुखण्यांची भली मोठी यादी दिली आहे. मामांना ती बरीचशी पाठ आहे. परतीच्या वाटेवर बदनापूरपर्यंत त्यांनी ती आम्हाला ऐकवली. आजारी माणसानं इतक्या खुशीत आजारांची नावं घेतलेली मी प्रथमच ऐकली.

पुढचं थोडक्यात. दोन दिवसांनी दुर्बीण घालून, ओडीच्या झडपेला बारीकशी चीर देऊन, फुग्यानं तो खडा आतड्यात ओढून सोडून दिला. धोके सांगून सही घेतली होती. सुदैवानं त्यातलं काही झालं नाही. आठवड्याभरात डोळे पांढरे झाले, पंधरवड्यात हळद स्वयंपाकघरात परत आली. गल्लीतला एक गट अजून माळेलाच श्रेय देतो. मामा त्यांच्याशी वाद घालत नाहीत, कारण त्यांच्याकडे फिल्म आहे. येणाऱ्याला ते ती खिडकीशी धरून दाखवतात. परवा त्यांच्या खात्यातले एक जुने सहकारी आले होते. दोघांनी फिल्म अर्धा तास बघितली, त्यातला पाव तास उलटी.

राहिलं आता पित्ताशय. खडे तिथूनच आले, पुन्हा येतील, तेव्हा ते काढून टाकावं असं डॉक्टरांचं म्हणणं. मामांनी शंका विचारली, "टाकी काढली तर पित्त साठणार कुठं?"

"साठायची गरज नाही बाबा. यकृतातून थेट आतड्यात जात राहतं. लोक ठणठणीत जगतात."

"डायरेक्ट लाइन?"

"डायरेक्ट लाइन."

मामा बराच वेळ गप्प बसले. मग सहकाऱ्याकडे पाहून म्हणाले, "चोवीस तास पाणी म्हणतात ते हेच का रे?"